दुधातले दुखणे आणि दुधाचा भाव

(घुग्घुस येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुधाचा विषय निघाला की आपल्या बैठकीत एकच गोष्ट बोलली जाते, ती म्हणजे भाव. ते बरोबरच आहे. पण आज आम्ही दुधातून येणाऱ्या दुखण्यांबद्दल बोलणार आहोत. हा विषय डॉक्टरांचा आहे, शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला, असे कोणाला वाटेल. शेवटपर्यंत ऐका. दुखण्याची वाटही फिरून फिरून भावापाशीच येते, हे तुमच्या ध्यानात येईल.

घुग्घुस हे गाव या बोलण्याला योग्य आहे. एका अंगाला कोळशाच्या खाणी, सिमेंटचे आणि लोखंडाचे कारखाने, कामगारांच्या वसाहती. दुसऱ्या अंगाला वर्धा नदीच्या काठची कापूस-सोयाबीनची गावे. रोज सकाळी खेड्यातून वसाहतीकडे दुधाचा रतीब जातो. वसाहतीतल्या बाईला काळजी असते की दुधात पाणी तर नाही ना. दूध काढणाऱ्या बाईच्या तब्येतीची काळजी मात्र कोणी करत नाही. आणि दुधाच्या रोगाचा पहिला मार बसतो तो तिलाच.

दुधात रोग येतो कुठून?

निरोगी जनावराच्या कासेत दूध जवळपास निर्जंतुक असते. त्यात जंतू शिरतात ते तीन वाटांनी.

पहिली वाट जनावराच्या अंगातली. गाय, म्हैस, शेळी स्वतः रोगी असेल तर काही रोगांचे जंतू थेट दुधात उतरतात. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेल्ला, आणि जनावरांचा क्षय हे त्यातले दोन मोठे. दगडी झाली, म्हणजे कास सुजली, तर तिचेही जंतू दुधात येतात.

दुसरी वाट हाताची, भांड्याची आणि पाण्याची. विषमज्वर, हगवण, कावीळ हे माणसाचे रोग. गाईला त्यांचा पत्ता नसतो. पण शौचाहून आल्यावर नीट न धुतलेला हात, उघड्या विहिरीचे किंवा नाल्याचे पाणी, त्या पाण्याने विसळलेली चरवी, एवढ्याने ते दुधात शिरतात. दुधात पाणी घालणारा माणूस फक्त फॅट चोरत नाही. त्या पाण्यातला रोगही तो दुधात घालतो आणि दूध जंतूंचे आवडते खाद्य असल्याने पुढचे काम आपोआप होते.

तिसरी वाट वेळेची. उबदार दुधात वाढ सुरू झाली की काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. चार तासांत बारा वेळा दुप्पट. एका जंतूचे चार हजार शहाण्णव. हिशेब करून पाहा. आपल्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा उन्हात उभा राहिलेला दुधाचा कॅन म्हणजे जंतूंचे पाळणाघरच.

या तीन वाटा डोक्यात ठेवा. कोणते दुखणे कोणत्या वाटेने येते हे कळले की उपाय आपोआप कळतो.

माल्टाच्या शेळ्या

आता एक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची हकीकत सांगतो. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे बेट आहे. तिथे इंग्रजांची मोठी फौज असायची. या फौजेतल्या शिपायांना एक चमत्कारिक ताप यायचा. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. रात्री घामाने अंथरूण भिजायचे, सांधे आणि कंबर धरायची आणि माणूस महिनोन्‌महिने कामातून जायचा. डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरने १८८७ साली त्याचा जंतू शोधला. पण जंतू येतो कुठून, ते कळेना.

ते कळले १९०५ साली. थेमिस्टोक्लिस झामित नावाच्या माल्टाच्याच डॉक्टरने तिथल्या शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या दिसायला धडधाकट होत्या, दूध भरपूर देत होत्या आणि त्याच दुधातून रोग वाटत होत्या. १९०६ साली फौजेच्या जेवणातून शेळीचे दूध बंद झाले आणि शिपायांचा ताप झपाट्याने उतरला.

गोष्टीचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. शिपाई वाचले, पण माल्टाच्या गावकऱ्यांचे काय? गवळी शेळ्या घेऊन दारोदार जात आणि दारातच दूध काढून देत. ते तसेच चालू राहिले आणि लोकांचा तापही पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. फौजेला पर्यायी दूध होते. शेळीवाल्याचे पोट शेळीवर होते. त्याच्या पोटाची सोय न करता त्याला फक्त 'शेळी रोगी आहे' एवढे सांगून काय उपयोग?

गाईंमध्ये गर्भपात घडवणारा असाच जंतू बर्नहार्ड बँग या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञाने १८९७ साली शोधला. हे दोन्ही जंतू एकाच घराण्याचे, हे अमेरिकेतल्या ॲलिस इव्हान्स या बाईने १९१८ साली दाखवून दिले. पुरुष शास्त्रज्ञांनी तिच्यावर लवकर विश्वास ठेवला नाही. पुढे तिलाच हा रोग जडला आणि कित्येक वर्षे तिने तो सोसला.

गाभडलेली गाय

हा रोग आपल्या गोठ्यात कसा दिसतो? गाय किंवा म्हैस साधारण पाचव्या महिन्यानंतर, बरेचदा सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकते. वार अडकते. मग घरातली बाई किंवा गावातला जाणता माणूस उघड्या हाताने ती वार ओढून काढतो. टाकलेला गर्भ उकिरड्यावर जातो. तिथून कुत्री तो ओढत नेतात. ज्या जागी गाय गाभडली तिथलाच चारा दुसरी जनावरे खातात, चाटतात.

मायबहिणींनो, इथे लक्ष द्या. या रोगाचे सगळ्यात जास्त जंतू असतात ते त्या वारेत, त्या पाण्यात आणि त्या मेलेल्या गर्भात. हाताला विळ्याची छोटी जखम असली, हाताला भेगा असल्या, डोळ्यात शिंतोडा उडाला, तरी पुरे. ज्या बाईने आयुष्यात कच्चे दूध तोंडाला लावले नाही तिलाही हा ताप येऊ शकतो.

आणि खरी फसवणूक पुढे आहे. अशी गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला ती व्यवस्थित विते. आपण म्हणतो, नजर लागली होती, गेली. पण गाय बरी झालेली नसते. तिच्या दुधातून आणि विण्याच्या पाण्यातून जंतू पडतच राहतात.

माणसाला ताप आला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत पहिला संशय मलेरियाचा. तो योग्यच आहे, रक्त तपासलेच पाहिजे. मलेरिया निघाला नाही की विषमज्वराच्या गोळ्या. ताप उतरतो, पंधरा दिवसांनी परत येतो. कंबर दुखते, सांधे दुखतात, पुरुषांना अंडकोषाला सूज येते. माणूस नांगराला उभा राहू शकत नाही आणि घरचे म्हणतात, आळशी झाला. तुमच्या गोठ्यात गाय गाभडली होती काय, हा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. म्हणून आम्ही सांगतो, डॉक्टरने विचारले नाही तरी तुम्ही सांगा: "आम्ही गोठ्यात काम करतो, आमचे जनावर गाभडले होते." या एका वाक्याने योग्य रक्ततपासणीची वाट मोकळी होते. रोगाला औषध आहे. साधारण सहा आठवडे दोन औषधे एकत्र घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडली की ताप परत येतो.

धारोष्ण आणि उकळलेले

आपल्याकडे धारोष्ण दुधाचे मोठे कौतुक. पैलवानाने धारोष्ण प्यावे, बाळंतिणीने प्यावे, अशक्त पोराने थेट धारेखाली तोंड धरावे. दूध निरोगी जनावराचे आहे, हे नुसते बघून सांगता येत नाही, हा माल्टाच्या शेळ्यांचा धडा आहे. म्हणून धारोष्ण बंद. शेळीचे औषधी म्हणून दिलेले कच्चे दूधही बंद. कच्च्या दुधाचे दही आणि लोणीही त्यात आलेच. अभिषेकाचे कच्चे दूध तीर्थ म्हणून वाटले जाते, त्याचाही विचार करा. उकळून गार केलेले दूध मला चालत नाही, असे कोणत्याही देवाने सांगितलेले नाही.

मोठ्या डेअरीत दूध त्रेसष्ट अंशांवर तीस मिनिटे किंवा बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच थंड करतात. ब्रुसेल्ला, क्षय, विषमज्वर यांचे जंतू त्यात मरतात. घरी चुलीवर ढवळत चांगली उकळी आणली तर हेच काम होते. चुलीएवढे स्वस्त औषध दुसरे नाही.

पण उकळी म्हणजे सर्व रोगांवर उतारा, असेही समजू नका. दगडीच्या काही जंतूंचे विष दुधात एकदा तयार झाले की उकळीने जात नाही. उबेत पडून राहिलेल्या खव्याने पंगतीत उलट्या होतात त्या बरेचदा अशानेच. दगडीसाठी कासेत सोडलेले औषध उकळीने जात नाही. असे दूध विरजायला घातले तर विरजण लागत नाही, हे तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस दूध वापरू नये असे लिहिले असेल तितके दिवस ते विकूही नये.

आणि मुख्य म्हणजे उकळी पिणाऱ्याला वाचवते. धार काढणाऱ्याला ती वाचवत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंना बर्ड फ्लू झाल्याचे निघाले. तो विषाणू त्यांच्या कच्च्या दुधात सापडला. पाश्चरीकरणाने तो निकामी होतो, म्हणून शहरी ग्राहक बचावला. कच्चे दूध प्यालेली गोठ्यातली मांजरे मात्र मेली आणि धारा काढणाऱ्या मजुरांचे डोळे आले. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट याच बर्ड फ्लूने मेले. तिथे संशय होता कच्च्या मांसावर. रोग कच्च्यातून जातो आणि पहिला गाठतो तो सगळ्यात जवळ असलेल्याला.

घाबरायचे कशाला आणि कशाला नाही

२०२२ साली राज्यात लम्पी आला, तेव्हा दुधातून लम्पी होतो अशी अफवा उठली. लम्पी माणसाला होत नाही. तो जनावरांतच माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. अफवेने ग्राहकाचे काही वाचले नाही, शेतकऱ्याचे गिऱ्हाईक तेवढे तुटले.

दुसरी भीती पिसाळलेल्या कुत्र्याची. कुत्रा म्हशीला चावतो, म्हैस पिसाळते आणि तिचे दूध प्यालेले सारे गाव दवाखान्यात धावते. उकळलेल्या दुधाने हा रोग होत नाही. अशा जनावराचे दूध काढूही नये, पिऊही नये, विकूही नये. खरा धोका त्याच्या लाळेचा आहे. ज्याने तोंडात हात घालून औषध पाजले त्याने त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन लस सुरू करावी.

क्षयाचेही तसेच. माणसाचा क्षय बहुतांशी माणसाच्या खोकल्यातूनच पसरतो. दुधातून येणारा क्षय उकळीने थांबतो. ज्याची वाट माहीत आहे त्याची भीती राहत नाही, काळजी घेता येते.

दुधाच्या पावतीवर काय लिहिलेले नसते?

आता भावाकडे येऊ. मुंबई शहरात तबेल्यांच्या दुधाची घाण झाली तेव्हा सरकार जागे झाले. मुंबई दूध योजना आली, १९४९ साली आरे वसाहत झाली, दारा खुरोडींसारख्या अधिकाऱ्याने शहराबाहेर म्हशी हलवल्या, दूध पाश्चराइज करून बाटलीत भरले. चांगले काम झाले. पण या साऱ्या व्यवस्थेचे तोंड शहराकडे आहे. कॅनपासून पुढे यंत्रे आहेत, कायदे आहेत, तपासनीस आहेत. कॅनपासून मागे, गोठ्याकडे, फारसे कोणी बघत नाही.

तुमची दुधाची पावती काढून पाहा. लिटर आहे, फॅट आहे, एसएनएफ आहे. स्वच्छतेचा रकाना नाही. एक बाई कास धुते, कोरड्या फडक्याने पुसते, पहिल्या धारा बाहेर काढते, अंगठा न मुडपता मुठीने पिळते, दूध गाळून झाकून तासाभरात पोचवते. दुसरा यातले काही करत नाही. दोघांचे फॅट सारखे, तर भावही सारखा. मग पहिलीने मेहनत कशासाठी करायची? पुण्यासाठी? आम्हाला शेतकी महाविद्यालयात एक साधी तपासणी शिकवली होती. दुधाच्या नळीत मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग टाकायचा. चांगल्या दुधात तो पाच तासांहून जास्त निळा राहतो, घाण दुधात अर्ध्या तासाच्या आत पांढरा होतो. म्हणजे स्वच्छता मोजता येत नाही, हे खरे नाही. मोजली तर तिचा भाव द्यावा लागेल, अडचण ही आहे.

इंग्लंडमध्ये १९३५ साली क्षयमुक्त ठरलेल्या कळपाच्या दुधाला दर गॅलनमागे जादा पैसे देण्याची योजना निघाली. पुढे ब्रुसेल्लासाठीही तपासणी आणि मोबदला अशी जोड दिली गेली आणि १९८५ पर्यंत तो देश ब्रुसेल्लामुक्त झाला. त्यांचे शेतकरी आपल्यापेक्षा शहाणे नव्हते. रोग उघड करण्यात त्यांचा तोटा नव्हता, एवढाच फरक.

रोगी गाईचे करायचे काय?

आपल्याकडे हिशेब उलटा आहे. समजा शेतकऱ्याने गाभडलेली गाय तपासून घेतली आणि ती रोगी निघाली. तिचे दूध विकायला मन धजत नाही. राज्यात गाय कापण्यावर १९७६ च्या कायद्यापासून बंदी आहे आणि २०१५ पासून ती बैल-गोऱ्ह्यांनाही लागू झाली. कायदा बरा की वाईट, हा आजचा विषय नाही. पण रोगी गाय वेगळी बांधून जन्मभर पोसायची, तर कडबा-ढेप कोणी द्यायची? जो शेतकरी तपासणी करतो तो बुडतो. जो तपासत नाही, तो गाय आठवडी बाजारात नेऊन विकतो आणि सुटतो. ती गाय दुसऱ्याच्या गोठ्यात जाते आणि तिथे गाभण जनावरे गाभडायला लागतात. विकणाऱ्याला आम्ही पापी म्हणत नाही. ज्या व्यवस्थेत खरे बोलणाऱ्याचे नुकसान होते, त्या व्यवस्थेत रोग दडपलाच जाणार.

लम्पीत जनावर दगावले तेव्हा राज्य सरकारने गाईमागे तीस हजार, बैलामागे पंचवीस हजार आणि वासरामागे सोळा हजार रुपये जाहीर केले होते. म्हणजे मनात आणले तर देता येतात. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने लाळ्या-खुरकुत आणि ब्रुसेल्ला या दोन रोगांसाठी १३,३४३ कोटींचा कार्यक्रम सुरू केला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या प्रत्येक कालवडीला आणि वगारीला ब्रुसेल्लाची लस एकदाच टोचायची आहे. ही लस मोफत आहे. तुमच्या कालवडीला टोचली आहे काय? नसेल तर हक्काने मागा. ती नराला टोचत नाहीत, गाभण जनावराला तर नाहीच. जिवंत जंतूंची लस आहे, म्हणून ती जाणत्यानेच टोचायची.

आपल्या मागण्या तीन आहेत. एक, गाभडलेल्या प्रत्येक जनावराची मोफत तपासणी आणि निकाल लेखी, ठराविक मुदतीत. दोन, रोगी ठरलेल्या जनावराची भरपाई, नाहीतर सरकारी खर्चाने सांभाळ. तीन, दुधाच्या पावतीवर स्वच्छतेचा रकाना आणि स्वच्छ दुधाला जादा भाव.

उद्या सकाळपासून

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. पुढच्या गोष्टींना सरकार लागत नाही.

धार काढण्याआधी हात साबणाने धुवा, कास धुऊन कोरडी करा. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढा. गुठळी किंवा रक्त दिसले तर ते दूध वेगळे ठेवा. दगडीचे जनावर सगळ्यात शेवटी पिळा. दूध उकळूनच प्या आणि पोरांना उकळूनच पाजा.

जनावर गाभडले तर गर्भाला आणि वारेला उघडा हात लावू नका. रबरी हातमोजे वापरा, ते नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. पण अडकलेली वार ओढू नका, पशुवैद्यकाला बोलवा. १९६२ हा फुकटचा फोन आहे, तो लावा. गर्भ आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. ती जागा चुन्याने धुवा, ऊन लागू द्या. हा जंतू ओल्या सावलीत आठवडेच्या आठवडे जगतो, कडक उन्हात लवकर मरतो. गरोदर बाईने या कामाच्या जवळही जाऊ नये. त्या दिवशी घरातल्या पुरुषाने खराटा हातात घेतला तर त्याची मिशी खाली येत नाही.

बाजारातून नवीन जनावर आणले तर रक्त तपासल्याशिवाय ते कळपात सोडू नका. आणि घरात ताप फिरून फिरून येत असेल, तर डॉक्टरला गोठ्याची गोष्ट सांगा.

इथून जाताना प्रत्येक गावाने एक काम घेऊन जावे. गेल्या वर्षभरात आपल्या गावात किती जनावरे गाभडली आणि त्या घरांत कोणाला लांबलेला ताप आला, याची यादी वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणावी. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर त्यात लिहावा. माणसाचे नाव लिहायची गरज नाही, घरांची संख्या पुरे. अशा वह्या गावागावांतून आल्या, तर पशुसंवर्धन खात्याच्या टेबलावर ठेवायला आपल्याजवळ नुसते भाषण राहणार नाही, आकडा राहील.

दूध विकणाऱ्याच्या घरचे माणूस दुधाच्याच रोगाने अंथरुणाला खिळलेले असेल, तर त्या दुधाच्या भावात त्याच्या औषधाचा खर्च कुठे धरला आहे, एवढा प्रश्न आपण विचारायला शिकलो तरी आजची बैठक कामी लागली.